रंकाळ्याच्या काठचा चित्रकार : आबालाल रहिमान

विद्यार्थी मित्रांनो, नांदेडला गोदावरीच्या घाटावर तुम्ही कधी भल्या पहाटे उभे राहिला आहात का? पहाटे नदीचे पाणी राखाडी दिसते. सूर्य वर आला की तेच पाणी सोन्यासारखे चमकते आणि दुपारी त्याकडे पाहवतही नाही. लातूर जिल्ह्यातील मुलांनी औशाचा किंवा उदगीरचा किल्ला पाहिला असेल. सकाळी बुरुजाची एक बाजू उजळते व दुसरी काळसर दिसते. संध्याकाळी याच्या अगदी उलट होते. आपण हे सारे रोज पाहतो आणि विसरून जातो. चित्रकार मात्र ते विसरत नाही. तो कागद, पाणी व रंग घेऊन तेथेच बसतो आणि तो क्षण जाण्यापूर्वी कागदावर उतरवतो. असे काम जन्मभर करणाऱ्या एका थोर चित्रकाराची ओळख आज तुम्हांला करून घ्यायची आहे. त्यांचे नाव अब्दुल अझीझ. पण सारा महाराष्ट्र त्यांना आबालाल रहिमान या नावाने ओळखतो.

आबालाल यांचा जन्म एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर येथे झाला. त्यांच्या घराण्यात पवित्र कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याची व त्यांची पाने वेलबुट्टीने सजवण्याची परंपरा होती. तुम्ही उर्दू लिहिता, म्हणून हे काम किती अवघड आहे ते तुम्हांला लवकर समजेल. चांगला खुशनवीस अलिफची उंची किती नुक्त्यांची असावी, हे मोजून लिहितो. बेची वाटी किती खोल असावी आणि कलम कोठे दाबावे व कोठे उचलावे, हेही ठरलेले असते. एक रेघ चुकली तरी सारे पान बिघडते. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या नजरेला बारकावा व हाताला सफाई लहानपणीच मिळाली, यात नवल नाही.

आबालाल यांना चित्रांचे वेड होते. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीने त्यांची चित्रे पाहिली व त्यांना मुंबईला पाठवण्यासाठी खटपट केली, असे सांगतात. मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही चित्रशाळा सुरू झाली होती. आबालाल तेथे दाखल झाले. त्या काळी या शाळेत युरोपच्या पद्धतीने चित्रकला शिकवीत. विद्यार्थी प्रथम प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करीत. मग माणसाचे शरीर, छायाप्रकाश आणि दूरचे लहान व जवळचे मोठे कसे दाखवावे, हे शिकत. तुम्ही ज्या मराठवाड्यात राहता, त्याचाही या शाळेशी जवळचा संबंध आला. तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपले विद्यार्थी नेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करून घेतल्या होत्या.

उघड्यावर बसून चित्र काढण्याची ही रीत युरोपात कशी वाढली, हेही जाणून घ्या. इंग्लंडमध्ये टर्नर नावाचा चित्रकार होऊन गेला. तो एका न्हाव्याचा मुलगा. स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर, जर्मनीतील ऱ्हाईन नदी, इटलीतील व्हेनिस शहर, असा त्याने युरोपभर प्रवास केला. काही वेळा तो पायी हिंडला, काही वेळा घोडागाडीने वा बोटीने गेला. जवळ लहान वह्या असत. दिसेल ते तो त्यांत पेन्सिलीने झरझर टिपून घेई व घरी आल्यावर त्यावरून मोठी चित्रे करी. १८५१ साली तो वारला, तेव्हा त्याच्या मागे अशा सुमारे तीनशे वह्या राहिल्या. त्या वेळी तैलरंग बाहेर नेणे कठीण होते, कारण ते डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवावे लागत. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याची धातूची नळी शोधून काढली. ही साधी नळी हाती आल्यावर चित्रकारांना सगळे रंग पेटीत घालून शेतात, नदीकाठी, समुद्रकिनारी जाता येऊ लागले. फ्रान्सचा मोने एकच देखावा वेगवेगळ्या वेळी पुन्हापुन्हा रंगवी.

आबालाल युरोपला गेले म्हणून प्रसिद्ध नाहीत. युरोपातून आलेली ही रीत त्यांनी आपल्या मातीत रुजवली, म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरला परतले. मुंबईत राहून श्रीमंतांची व साहेबांची चित्रे काढली असती, तर पैसा आणि नाव दोन्ही मिळाले असते. पण त्यांनी आपले गाव निवडले. गावाच्या भोवती काय नव्हते! पंचगंगा नदी व तिचा दगडी घाट होता. रंकाळा तलाव होता. त्या तलावातच संध्यामठ नावाची दगडी वास्तू आहे. पावसाळ्यात पाणी चढले की ती बुडू लागते आणि उन्हाळ्यात पुन्हा वर दिसते. आबालाल यांनी हे परिसर पुन्हापुन्हा रंगवले. त्यांना चित्रासाठी नवे गाव शोधावे लागले नाही. रोज बदलणारा प्रकाश त्याच गावाला रोज नवे करीत असे.

उघड्यावर चित्र काढणे सोपे नसते, हे लक्षात घ्या. सावली जागेवर थांबत नाही. अर्ध्या तासात ती सरकते आणि सुरुवातीला काढलेला भाग व आता समोर दिसणारा भाग जुळेनासा होतो. आपल्याकडच्या उन्हात जलरंग पटकन वाळतात. वारा कागद उडवतो. बघे लोक भोवती जमतात. म्हणून हात जलद आणि मन शांत असावे लागते. शिवाय जलरंगात चूक पुसता येत नाही. खुशनवीसाच्या घरात वाढलेल्या आबालाल यांना ही शिस्त नवी नव्हती.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला होता. त्यांनी सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. मुसलमान मुलांसाठी १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन बोर्डिंग सुरू झाले. महाराजांना शिक्षणाइतकीच कुस्ती, संगीत, नाटक व चित्रकला यांचीही आवड होती. त्यांनी आबालाल यांचे गुण ओळखले व त्यांना दरबाराचा आश्रय दिला. महाराजांच्या शिकारीचे प्रसंगही आबालाल यांनी रंगवले.

दरबारी चित्रकार असूनही आबालाल यांचे राहणे फकिरासारखे होते. त्यांनी लग्न केले नाही. कोटीतीर्थ तलावाजवळ ते अगदी साधेपणाने राहत. पोटापुरते मिळाले की त्यांना पुरे वाटे. आपली चित्रे विकावीत, त्यांची प्रदर्शने भरवावीत, दूरच्या शहरांत आपले नाव व्हावे, यासाठी त्यांनी धडपड केली नाही.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. ही बातमी कोल्हापुरात पोहोचली तेव्हा आबालाल यांच्या दुःखाला पार राहिला नाही. त्या भरात त्यांनी आपली कित्येक चित्रे कोटीतीर्थ तलावात बुडवली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ज्याच्यासाठी चित्रे काढली तो पाहणाराच गेला, मग ती कोणासाठी ठेवायची, असे त्यांना वाटले असावे. आपल्याला मात्र याची हळहळ वाटते. प्रेम खरे होते, पण नुकसान आपल्या सर्वांचे झाले. माणसाने निर्माण केलेली सुंदर वस्तू ही पुढे येणाऱ्यांचीही ठेव असते.

२८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल रहिमान यांचे निधन झाले. त्यांनी लावलेली गोडी मात्र राहिली. कोल्हापूरचे प्रसिद्ध कलावंत आनंदराव पेंटर व बाबूराव पेंटर यांच्यावर त्यांच्या कामाचा प्रभाव पडला. बाबूराव पेंटर पुढे चित्रपटांकडे वळले व त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. निसर्गात जाऊन चित्र काढण्याची परंपरा कोल्हापुरात आजही चालू आहे. आबालाल यांची वाचलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहेत. कधी कोल्हापूरला गेलात तर ती जरूर पाहा. मग संध्याकाळी रंकाळ्यावर जा. चित्रातले पाणी व समोरचे पाणी यांत किती साम्य आहे, ते तुम्हीच ठरवा.

मित्रांनो, चित्र काढण्यासाठी युरोपला जावे लागत नाही आणि कोल्हापूरलाही नाही. कंधारच्या किल्ल्याचा खंदक, उदगीरचे बुरूज, गोदावरीचा घाट, तुमच्या गल्लीतील कडुनिंबाचे झाड, हे सारे तुमच्यासमोरच आहे. एक वही व एक पेन्सिल घ्या. एकाच जागी सकाळी बसा, पुन्हा संध्याकाळी बसा. दोन्ही चित्रांतील सावल्या कोणत्या बाजूला पडल्या, ते ताडून पाहा. रेघ वाकडी आली तरी कागद फाडू नका. खाली तारीख लिहा व पान जपून ठेवा. वर्षभराने ते पान उघडाल, तेव्हा हात किती सुधारला आणि नजर किती उघडली, हे तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.