विश्लेषण : कॅडमधील प्रत्येक स्प्रिंगमागे असलेले रॉबर्ट हूक कोण होते? त्यांनी आपला नियम १४ अक्षरांत का लपवला?

रोह्याहून निघणाऱ्या कोकण रेल्वेच्या डब्याखाली पाहिले, तर चाकांजवळ जाड पोलादी कॉइल स्प्रिंग दिसतात. काही ठिकाणी मोठ्या स्प्रिंगच्या आत आणखी एक लहान स्प्रिंग बसवलेली असते. अशी स्प्रिंग आज आधी संगणकावर तयार होते आणि मग कारखान्यात. तिच्यावर किती भार टाकला तर ती किती दबेल, हे गणित मात्र ३५० वर्षे जुने आहे. ते मांडणारे रॉबर्ट हूक यांना आयुष्यभर श्रेयासाठी झगडावे लागले.

कॅडमध्ये स्प्रिंग कशी तयार होते?

आधी हेलिक्स, म्हणजे जिन्यासारखी वर चढत जाणारी वळणदार रेषा काढतात. तिच्या टोकाशी तारेच्या जाडीचे वर्तुळ काढून ते रेषेवरून फिरवले, म्हणजे ‘स्वीप’ केले, की स्प्रिंग तयार. दोन वेढ्यांमधील अंतर बदलते ठेवले, गुंडाळी शंकूसारखी निमुळती केली किंवा टोकाचे वेढे घासून सपाट केले, की काम किचकट होते. एकात एक बसणाऱ्या स्प्रिंग सहसा उलटसुलट दिशेने गुंडाळतात, म्हणजे वेढे एकमेकांत अडकत नाहीत. हे सगळे झाले तरी पडद्यावर असतो तो फक्त आकार. ती स्प्रिंग वागेल कशी, हे सांगण्यासाठी हूक यांचा नियम लागतो.

हूक कोण होते?

इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर १६३५ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. ते १६४८ मध्ये वारले आणि १३ वर्षांचा रॉबर्ट लंडनला आला. काही काळ चित्रकाराकडे उमेदवारी करून तो शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डला गेला. तेथे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाचा साहाय्यक म्हणून त्याने हवेचा पंप तयार केला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने हूक यांना प्रयोगप्रमुख नेमले. बैठकीत सभासदांना प्रयोग करून दाखवणे, हे त्यांचे काम. १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींवरचे त्यांचे पुस्तक आले. पेशीसाठी ‘सेल’ हा शब्द त्यातलाच. १६६६ च्या आगीत लंडन जळाले, तेव्हा शहराच्या फेरमोजणीचे कामही त्यांच्याकडे आले.

वाद कशावरून झाला?

रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तो १६७४ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनमध्ये घड्याळाच्या स्प्रिंगवरून भांडण पेटले. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी खिशातल्या घड्याळाची चाल नियमित ठेवणारी चक्राकार स्प्रिंग जाहीर केली. ही कल्पना आपल्याला कितीतरी आधी सुचली होती, असे हूक यांचे म्हणणे. पूर्वी त्यांनी पेटंटची बोलणीही केली होती, पण अटी न पटल्याने ती मोडली. छापील पुरावा हाती नव्हता आणि श्रेय बहुतांशी हायगेन्स यांच्याकडे गेले.

मग नियम कोड्यात का ठेवला?

त्या काळी शोध पूर्ण जाहीर न करता त्यावर हक्क सांगण्याचा एक मार्ग होता. वाक्यातील अक्षरे वर्णक्रमाने लावून छापायची आणि अर्थ नंतर उघड करायचा. हूक यांनी १६७६ मध्ये १४ लॅटिन अक्षरे अशीच छापली. उत्तर दिले १६७८ मध्ये : स्प्रिंग जितकी ताणली जाते, तितके तिचे बल वाढते. वजन दुप्पट, तर ताणही दुप्पट. त्यासाठी त्यांनी गुंडाळलेली तार, घड्याळाची स्प्रिंग, २० ते ४० फूट लांब सरळ तार अशा वेगवेगळ्या वस्तूंवर वजने टांगून मोजमाप करण्याची रीत दिली. पुढच्याच वर्षी अलिबागजवळच्या समुद्रात खांदेरीसाठी मराठे आणि इंग्रज यांची लढाई जुंपली.

किचकट स्प्रिंगला हा नियम पुरतो का?

साध्या स्प्रिंगचे सूत्र नंतरच्या अभियंत्यांनी याच पायावर बसवले. इतर मापे तीच ठेवून तारेचा व्यास दुप्पट केला, तर स्प्रिंग १६ पट ताठ होते. गुंडाळीचा व्यास दुप्पट केला, तर ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच कॅडमध्ये माप टाकताना झालेली छोटी चूक महागात पडते. वेढ्यांमधील अंतर बदलते असेल, तर जवळचे वेढे आधी एकमेकांना टेकतात, काम करणारे वेढे कमी होतात आणि स्प्रिंग दबता दबता अधिक ताठ होत जाते. अशा वेळी एकच आकडा पुरत नाही, प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. पोलाद मर्यादेपलीकडे ताणले गेले, तर हूक यांचा नियमच लागू राहत नाही.

श्रेय अखेर मिळाले का?

गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून हूक यांचे न्यूटनशीही बिनसले. ३ मार्च १७०३ रोजी लंडनमध्ये हूक यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. हूक यांचे खात्रीचे म्हणता येईल असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. त्यांच्या अस्थी नेमक्या कुठे आहेत, हेही माहीत नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधील एका घरात त्यांच्या हस्ताक्षरातील ५०० हून अधिक पाने सापडली. त्यांत १६७० च्या एका बैठकीच्या नोंदीची नक्कल होती आणि तिच्यात त्यांच्या स्प्रिंगच्या घड्याळाचा उल्लेख होता. ही नोंद हायगेन्स यांच्या घोषणेच्या पाच वर्षे आधीची आहे. हूक ज्या पुराव्यासाठी भांडत होते, तो त्यांच्या मृत्यूनंतर ३०३ वर्षांनी पुढे आला.