उसाची भावकी शोधणारी

मैत्रिणींनो, चहात साखर घालताना तिचं कूळ कोण विचारतं? एका बाईने विचारलं होतं. आपल्याकडे तिची फारशी ओळख नाही, म्हणून आज तिच्याविषयीच लिहिते.

जानकी अम्मल यांचा जन्म १८९७ चा, केरळातल्या तेलिचेरीचा. बहिणींची लग्नं होत होती, जानकीचंही ठरत आलं होतं. तिने मात्र शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ गाठलं आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

१९३४ मध्ये त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात आल्या. बाहेरून आलेला जाड ऊस गोड, पण नाजूक. नदीकाठी पांढरे तुरे मिरवणारं कास गवत म्हणजे त्याचं रानटी भावंड; गोडी बेताची, काटकपणा मात्र भरपूर. या दोघांची सोयरीक केंद्रात आधीच जुळवली होती. पण कुणाचं किती पोटच्या पिकात उतरलं, ते कळणार कसं? जानकीबाई सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतली गुणसूत्रं मोजत बसायच्या. अशा संकरित उसात ती शंभराच्या वर असतात! स्वेटरचे टाके मोजणारीलाच त्यातला वैताग कळेल. कास गवताचं मूळ भारतातलंच, हे त्यांनी दाखवलं. उसाचा मक्याशीही संकर करून पाहिला.

एकटी बाई, त्यात जातीची उतरंड. तिथे त्यांचं निभणं सोपं नव्हतंच. पुढे लंडनला गेल्या, बॉम्ब पडत असतानाही काम चालू ठेवलं. सोबतीला इथून लपवून नेलेली एक खार होती म्हणे! १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा ग्रंथ काढला. १९५१ मध्ये नेहरूंनी बोलावलं, तशा परत आल्या. १९७७ ला पद्मश्री मिळाली, १९८४ ला त्या गेल्या.

आता पानाच्या तुकड्यातून डीएनए काढतात. त्यातल्या ठरावीक खुणा दोन वाणांत किती जुळतात, यावरून नातं कळतं. आजच्या उसात साधारण ८० टक्के वारसा जाड उसाचा आणि उरलेला बहुतेक कास गवताचा, हे अशाच तपासांतून पक्कं झालं. आणखी एक काळजीची गोष्टही दिसली. जगभरचे बहुतेक वाण मोजक्याच पूर्वजांचे वंशज आहेत. सगळी जवळची भावकी. एखादा नवा रोग आला तर एकदम सगळ्यांनाच धरायचा. म्हणून पैदासकार अजूनही नव्या रक्तासाठी कास गवताकडेच वळतात.

आपले शेतकरी ज्याला नुसतं ८६०३२ म्हणतात, त्या उसाचं पूर्ण नाव को ८६०३२. त्यातला ‘को’ म्हणजे कोइमतूर.