राजशेखर आणि त्रिपुरीचे चित्रित अंतःपुर

जबलपूरच्या बडा फुहारा भागातील कमानिया दरवाजा १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक आहे. त्या अधिवेशनाने जिचे नाव घेतले ती त्रिपुरी म्हणजे कलचुरींची राजधानी. भेडाघाटच्या वाटेवरील आजचे तेवर. दहाव्या शतकात यायावर कुळातील कवी राजशेखर कनौजहून तेथे आला.

त्याचे घराणे महाराष्ट्रीय. पणजा अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी, असा त्याचा अभिमान. कनौजला तो प्रतीहार महेंद्रपालाचा गुरू होता. पुढे महीपालाच्या सभेतही त्याला मान मिळाला. त्रिपुरीस पहिल्या युवराजदेवाच्या आश्रयाला असताना त्याच्या 'विद्धशालभंजिका' या नाटिकेचा प्रयोग झाला, असे वा. वि. मिराशी यांनी कलचुरी लेखांच्या आधारे प्रतिपादिले आहे.

नाटिकेचे कथानक हर्षाच्या वळणाचे, आणि खरे सांगायचे तर काहीसे शिळे. लाटदेशाच्या निपुत्रिक राजाने आपली कन्या मृगांकावली मुलाच्या वेषात विद्याधरमल्लाच्या दरबारी धाडली आहे. राजा तिला आधी स्वप्नात पाहतो, मग क्रीडागृहातील चित्रांत आणि कोरीव पुतळीत. शेवटी राणीच राजाची थट्टा करण्यासाठी या 'मुला'शी त्याचे लग्न लावते आणि स्वतः फसते. मात्र क्रीडागृहाच्या भिंतींचे वर्णन सुरू होताच कवीची लेखणी सजीव होते. राणीसह फासे खेळणारा राजा, जवळ तांबूलवाहिनी, चवरी ढाळणारी दासी, बुटका सेवक, राजवाड्यातले माकडसुद्धा! संस्कृत नाटकात अंतःपुराचा दिनक्रम इतक्या बारकाईने चितारलेला क्वचितच आढळतो.

याच शतकात चीनमध्ये दक्षिण थांग दरबारचा चित्रकार चौ वेन-चू याने राजवाड्यातील स्त्रियांचे प्रसिद्ध गुंडाळीचित्र काढले. मूळ चित्र गेले. ११४० पूर्वीची त्याची नक्कल उरली, आणि तिचेही तुकडे होऊन ते आज निरनिराळ्या संग्रहांत विखुरले आहेत. त्याआधीच्या चौ फांगच्या नावावर असलेल्या एका चित्रात तर दरबारी स्त्रिया फाशांचा पट मांडून बसल्या आहेत. तेथे त्या आपापसांत रमतात, राजा दिसत नाही. राजशेखराची भिंत मात्र राजाभोवतीच फिरते. नायिका बोलण्यापूर्वी पाहिली जाते, आणि पाहिली जाते तीही दुसऱ्याच्या योजनेनुसार.

एवढ्यावरून कवीविषयी निर्णय देणे अन्यायाचे ठरेल. त्याची पत्नी अवंतिसुंदरी चाहमान कुळातली. संपूर्ण प्राकृतात रचलेले 'कर्पूरमंजरी' हे सट्टक तिच्या इच्छेवरून रंगभूमीवर आले. 'काव्यमीमांसे'त पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण प्रतिभेचा संस्कार आत्म्यावर होतो आणि आत्म्याला स्त्रीपुरुषभेद नाही, असे राजशेखर स्पष्ट मांडतो. पत्नीची मते तो इतर आचार्यांच्या मतांच्या पंक्तीत, नाव घेऊन नोंदवतो. नाटिकेतील राजकन्येला जे स्थान त्याने दिले नाही, ते शास्त्रग्रंथात घरातील विदुषीला दिले. ही विसंगती दरबारी रुचीची की वाङ्मयप्रकाराची, याचा विचार अभ्यासकांनी फारसा केलेला नाही.

'काव्यमीमांसे'च्या अठरा अधिकरणांच्या संकल्पापैकी पहिले तेवढे उपलब्ध आहे. १९१६ मध्ये ते बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाले. अवंतिसुंदरीचा स्वतंत्र ग्रंथ मात्र हाती आलेला नाही.