वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे

वैनगंगेच्या खोऱ्यातील कटंगी आणि वऱ्हाडातील अमरावती या दोन गावांचा राज्यकारभाराच्या दृष्टीने आज एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही. एक मध्यप्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात, तर दुसरे महाराष्ट्रात. परंतु १९०३ पासून १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच प्रांतात होती आणि दोघांचाही कारभार नागपुराहून चाले. त्या जोडप्रांतात ज्या वकिलांनी कोर्टाची पायरी ओलांडून सार्वजनिक कार्यात उडी घेतली, त्यांत गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

आमच्यासारख्या संस्थानी शहरातील वाचकांस त्यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे असे एक कारण आहे. वऱ्हाड हा धड संस्थानी मुलूख नव्हता आणि धड इंग्रजीही नव्हता. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे आला, पण मालकी हैदराबादच्या निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये हा प्रदेश इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढील वर्षी मध्यप्रांतास जोडला. अशा दोन धन्यांच्या मुलखात रयतेने आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे, हा प्रश्न पुस्तकी नव्हता. दादासाहेबांचे सारे आयुष्य एका अर्थाने या प्रश्नाभोवतीच गेले.

त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडातील इंगरोळी येथे झाला. दिवस गणेशचतुर्थीचा, म्हणून नाव गणेश. वडिलांनी गरिबीतून वर येऊन सरकारी नोकरीत मामलेदारीपर्यंत मजल मारली होती. मुलाचे शिक्षण नागपूर व अमरावती येथे झाले आणि पुढे ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. संस्कृत आणि इंग्रजी वाङ्मयाची गोडी त्यांस तेथे लागली ती जन्मभर टिकली. १८७७ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८४ मध्ये एल्‌एल्. बी. त्या काळी ही पदवी म्हणजे सरकारी खुर्चीची सनदच. १८८५ च्या सुमारास ते वऱ्हाडातच मुन्सफ आणि असिस्टंट कमिशनर झाले.

याच वाटेने चालत राहते, तर एक सुखवस्तू, निवृत्तिवेतन घेणारे अधिकारी म्हणून त्यांचे नाव सरकारी दप्तरात राहिले असते आणि तेथेच संपले असते. परंतु चारपाच वर्षांतच त्यांनी नोकरी सोडली आणि १८९० च्या सुमारास अमरावतीस वकिली मांडली. लोकमान्य टिळकांचा प्रभाव हे त्याचे एक कारण होते. दुसरेही कारण उघड आहे. सरकारी नोकरास सरकारविरुद्ध तोंड उघडता येत नाही. वकिलास मात्र तोंड उघडण्याचेच पैसे मिळतात, आणि तो कोणाचा मिंधा नसतो.

त्या वेळच्या अमरावतीच्या वकीलवर्गाकडे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. रघुनाथ नरसिंह मुधोळकर तेथलेच, ते १९१२ मध्ये बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मोरोपंत जोशी तेथलेच, ते पुढे प्रांताच्या सरकारात गृहखात्याचे सभासद झाले. ही दोघे नेमस्त, तर दादासाहेब जहाल. १८९७ मध्ये अमरावतीस शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्षाचा मान दादासाहेबांस मिळाला. ज्या गावी रोज कोर्टात उभे राहायचे, त्याच गावी साऱ्या देशाच्या पुढाऱ्यांचे आगतस्वागत करण्याची ही जबाबदारी होती.

दादासाहेबांचा थाट मोठा होता. त्यांस लोक वऱ्हाडचे नवाब म्हणत, ते काही उगीच नव्हे. त्यांचे वक्तृत्व विनोदाने नटलेले असे. नाटकाचे ते मोठे रसिक होते आणि १९०५ मध्ये मुंबईस पहिले नाट्यसंमेलन भरले त्याचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. नटाच्या धंद्याकडे प्रतिष्ठित घरे नाक मुरडून पाहत, त्या काळी एका नामांकित वकिलाने त्या व्यासपीठावर बसावे, ही गोष्ट लहान नव्हती. दरबारी गवयांच्या घरांतून वाढलेल्या माणसास तिची किंमत सांगावी लागत नाही.

१९०६ च्या कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवास ते टिळकांबरोबर गेले. १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस दुभंगली तेव्हा ते टिळकांच्याच बाजूस होते. तथापि त्यांच्या निष्ठेची खरी कसोटी लागली ती पुढच्या वर्षी. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ऑगस्टच्या मध्यास दादासाहेब इंग्लंडला निघाले. प्रिव्ही कौन्सिलपुढे दाद मागावी, तेथील लोकमत जागे करावे, पार्लमेंटच्या सभासदांस भेटावे, हा हेतू. कौन्सिलने अर्ज फेटाळला. तरीही ते परत न येता तेथेच खटपट करीत राहिले. दोन वर्षांहून अधिक काळ भर धंद्यातला वकील घरापासून दूर राहिला म्हणजे अशील दुसऱ्या दारी जातात, हे ज्याने कचेरी पाहिली आहे त्यास समजावून सांगणे नको. परतताना ऑक्टोबर १९१० मध्ये ते रंगूनच्या वाटेने आले आणि मंडालेच्या तुरुंगात टिळकांस भेटले. हाती यश नव्हते. परंतु आपल्यासाठी कोणी दोन वर्षे दारोदार फिरले, एवढे तरी कैद्यास कळले.

घरी आल्यावर महिनाभरातच, डिसेंबर १९१० मध्ये, ते शिर्डीस साईबाबांच्या दर्शनास गेले. पुढील वर्षाच्या डिसेंबरपासून मार्च १९१२ पर्यंत तर त्यांचा मुक्काम तेथेच होता. नवाब म्हणून ख्याती असलेला हा गृहस्थ मशिदीतल्या फकिरापुढे मुकाट्याने बसे आणि दिवसाची हकीकत रोज रोजनिशीत टिपून ठेवी. ती रोजनिशी पुढे छापली गेली. त्या काळच्या शिर्डीचे प्रत्यक्ष पाहिलेले चित्र म्हणून भाविक आणि अभ्यासक दोघेही तिचा आधार घेतात.

टिळक १९१४ मध्ये सुटले आणि १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली, तेव्हा दादासाहेब पुन्हा उभे राहिले. वरिष्ठ कायदेमंडळात १९१९ मध्ये रौलट बिल आले, त्यास त्यांनी विरोध केला. पुढे १९२० च्या अखेरीस ते कौन्सिल ऑफ स्टेटवर गेले आणि १९२५ पर्यंत तेथे राहिले. येथेही वऱ्हाडचे दुहेरी दैव आडवे आलेच. वऱ्हाड कायद्याने इंग्रजी मुलूख नसल्यामुळे तेथील प्रतिनिधी मतदारांनी निवडला तरी सरकारने त्याची नेमणूक करावी लागे. म्हणजे लोकांचा माणूस, पण कागदावर सरकारनियुक्त! आयुष्यभर सरकारशी भांडलेल्या वकिलास त्याच सरकारच्या शिक्क्यानिशी सभागृहात जावे लागले.

टिळकांच्या पश्चात गांधीजींचे असहकाराचे युग सुरू झाले. कायदेमंडळे आणि कोर्टे सोडण्याचा तो मार्ग दादासाहेबांस पटला नाही. देशातील तरुण तुरुंगात जात असता ते कौन्सिलात बसले, याबद्दल त्यांस दोष देणारे होते, आणि तो दोष अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र एवढे ध्यानात घ्यावे की, लोकांचे गाऱ्हाणे जेथे ऐकले जाते तेथे जाऊन ते मांडावे, हाच त्यांचा पहिल्यापासूनचा बाणा होता. अमरावतीचे कोर्ट, लंडनचे कौन्सिल आणि दिल्लीचे सभागृह यांत त्यांच्या लेखी फरक एवढाच की न्यायासन अधिकाधिक उंच होत गेले. प्रवाह बदलला, हे बदलले नाहीत. गुरूच्या मागे घराण्याची चीज जशीच्या तशी गाणाऱ्या शिष्याचे जे होते तेच त्यांचे झाले. श्रोते हळूहळू उठून दुसऱ्या बैठकीस गेले.

१ जुलै १९३८ रोजी दादासाहेब वारले. त्याच्या आदल्याच वर्षी प्रांतात निवडणुका होऊन लोकनियुक्त मंत्री कारभार पाहू लागले होते. वऱ्हाडच्या मतदारांनी निवडलेली माणसे आता सरकारी नेमणुकीवाचून नागपूरच्या सभागृहात बसली होती. निजामाची मालकी कागदावर तेव्हाही शिल्लक होती, पण रयतेने आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर दादासाहेबांच्या हयातीत मिळाले. कटंगीच्या बाजारास येणाऱ्या शेतकऱ्यास त्यांचे नाव ठाऊक असेल वा नसेल. त्याच्या प्रांताचे गाऱ्हाणे लंडनपर्यंत नेणारा एक वकील अमरावतीस होऊन गेला, एवढे तरी त्याच्या नातवंडांस कोणी सांगावे.