डॉ. कमल रणदिवे आणि औषधाला दाद न देणाऱ्या पेशी

केमोथेरपीने लहान झालेली मोठ्या आतड्यातली गाठ पुन्हा वाढू लागली, की घरच्यांना वाटते, आता उपाय संपले. तसे वाटत असेल तर डॉ. कमल रणदिवे यांचे काम जाणून घ्या.

त्यांचा जन्म १९१७ मध्ये पुण्यातल्या समर्थ कुटुंबात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती, पण कमलताईंनी पेशींचा अभ्यास निवडला. १९३९ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करत, डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे त्या शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली पेशी-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्यांचा भर स्तनाच्या कर्करोगावर होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच तंत्राने आज आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी अभ्यासतात. बशीत वाढणाऱ्या पेशींना औषध दिले की बहुतेक मरतात, थोड्या तगतात आणि त्याच पुढे वाढतात. काही पेशी औषध बाहेर फेकतात, काही औषधाने झालेली मोडतोड दुरुस्त करतात. कपाशीवर एकच औषध वारंवार फवारले की तगलेल्या किडीची पुढची पिढी त्याला दाद देत नाही, तसेच हे.

म्हणून डॉक्टर औषधे जोडीने देतात. फाइव्ह-एफयूसोबत ऑक्झॅलिप्लॅटिन चालेनासे झाले, तर अनेकदा इरिनोटेकान देतात. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी केल्यावर काही रुग्णांना टार्गेटेड औषध किंवा इम्युनोथेरपीही देता येते. प्रत्येकाला गुण येईलच असे नाही. पण एक औषध थांबले म्हणजे सगळे थांबले, असेही नाही.

यात रुग्णाच्या खाण्यापिण्याचा किंवा मनोधैर्याचा दोष नसतो. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला जाताना बायोप्सीचा अहवाल, स्कॅन आणि आधीच्या केमोची नोंद सोबत ठेवा. पुढचे औषध कोणते, त्यासाठी कोणती तपासणी हवी आणि त्रास किती होईल, हे विचारा. त्याआधी उपचार मध्येच सोडू नका.