रूट कॅनालची भीती वाटते? आधी आईस्क्रीम विकून डेंटल कॉलेज काढणाऱ्या माणसाची गोष्ट वाचा

ढोकी म्हटलं की धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला आधी तेरणा साखर कारखाना आठवतो, मग लातूरकडे जाणारी रेल्वे. साखरेच्या गावातून दाताच्या गोष्टीला सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

तर दाढ दुखायला लागली की ढोकी असो नाहीतर पुणे, सगळीकडे क्रम एकच असतो. पहिल्या दिवशी लवंग. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून आणलेली गोळी. तिसऱ्या रात्री उशीला डोकं टेकवलं की ठणका थेट कानापर्यंत. चौथ्या दिवशी डॉक्टर एक्स-रे बघून सांगतात, रूट कॅनाल करावं लागेल. आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं की कशाला एवढा खर्च, काढून टाक ती दाढ.

काढायची की वाचवायची, हा प्रश्न आज आपल्याला पडतो तरी. शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या बहुतेक लोकांना तो पडतच नव्हता. दात दुखला की उपटायचा. उपटणारा कधी न्हावी असायचा, कधी वैदू, कधी फुटपाथवर चिमटे मांडून बसलेला दातवाला. कलकत्ता आणि मुंबईत चिनी दातवाल्यांची दुकानं होती. पण दंतवैद्यक शिकवणारं एकही कॉलेज अख्ख्या देशात नव्हतं.

ते काढलं डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी. आणि त्यासाठी पैसा आला कुठून? आईस्क्रीम विकून.

२४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधल्या बर्धनपाडा या गावात त्यांचा जन्म झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. शाळा ढाक्याला झाली, पुढचं शिक्षण अलीगढला. १९०८ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि १९०९ मध्ये थेट अमेरिकेला गेले. त्या काळात शिकायला बाहेर जाणारी भारतीय मुलं बहुतेक करून लंडनला जायची, बॅरिस्टर नाहीतर डॉक्टर व्हायला. हा पोरगा आयोवाला गेला, दात शिकायला. १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठातून त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली. नंतर बोस्टनमधल्या फोरसाइथ डेंटल इन्फर्मरीत काम केलं. लहान मुलांच्या दातांवर उपचार करण्यासाठीच उभारलेली ही संस्था १९१४ मध्ये सुरू झाली होती.

आता इथे जरा थांबूया, कारण अहमद अमेरिकेत होते ती वर्षं दातांच्या इतिहासात फार विचित्र होती.

१९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये एक भाषण दिलं. दातांवर कॅप आणि ब्रिज बसवतात, त्याच्याखाली जंतूंची घाण साचते आणि तिथून अख्ख्या शरीरात आजार पसरतात, असा त्यांचा आरोप होता. त्यांनी दाखवलेली घाण खोटी नव्हती, त्या काळातली बरीच कामं खरोखरच वाईट असायची. पण पुढे गाडी भलतीकडेच गेली. सांधे दुखतायत? दात काढा. पोटाची तक्रार आहे? दात काढा. काही ठिकाणी तर मानसिक आजारांवरही हाच इलाज झाला. मुळात उपचार केलेले, म्हणजे रूट कॅनाल झालेले दात तर पहिले आरोपी ठरले. लोकांचे चांगले दात काढले गेले आणि आजार तिथेच राहिले. पुढे अभ्यास होत गेले तसा हा सिद्धांत मागे पडला, पण त्यात काही दशकं गेली. रूट कॅनालने कॅन्सर होतो, हार्ट अटॅक येतो असे जे फॉरवर्ड आजही फिरतात, त्यांचं मूळ याच काळात आहे.

या लाटेविरुद्ध बोलणाऱ्यांत न्यू ऑर्लिन्सचे डॉ. एडमंड केल्स होते. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी केल्स दातांचे एक्स-रे काढायला लागले. दाताच्या मुळात तार घालून ती टोकापर्यंत पोचली का, हे एक्स-रेवर बघायची युक्तीही त्यांचीच, १८९९ ची. आज तुमच्या रूट कॅनालच्या मध्येच डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढतात ना, ते हेच असतं. केल्सना मात्र याची किंमत मोजावी लागली. किरणांचा धोका तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये वेदना सहन न होऊन त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आजच्या दाताच्या एक्स-रेमधला डोस अगदी नगण्य असतो. तरी गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

१९१९ मध्ये अहमद भारतात परतले आणि १९२० मध्ये त्यांनी कलकत्ता डेंटल कॉलेज सुरू केलं. भारतातलं पहिलं. सरकारी मदतीची वाट बघत ते बसले नाहीत. त्यांनी न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचं आईस्क्रीम पार्लर चालवलं आणि त्याच्या कमाईतून कॉलेजचा खर्च भागवला. म्हणजे एका हाताने गोड विकायचं आणि दुसऱ्या हाताने त्या गोडाने किडलेले दात दुरुस्त करणारी पोरं तयार करायची. यातला विनोद त्यांच्याही लक्षात आला असेलच.

विद्यार्थी मिळणं सोपं नव्हतं. दातवाला हा फुटपाथवरचा धंदा समजला जायचा. तरी हळूहळू मुलं आली, मुलीही आल्या. त्यात मुंबईशी नातं असलेलं एक नाव आहे फातिमा जिना. महंमद अली जिनांच्या या बहिणीने अहमद यांच्या कॉलेजात शिकून १९२३ मध्ये मुंबईत स्वतःचा दवाखाना थाटला. १९२९ मध्ये जिनांच्या पत्नी रत्तीबाई वारल्यावर तो बंद झाला. मुंबईत नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज आलं ते नंतर, १९३३ मध्ये.

अहमद नुसतं कॉलेज काढून थांबले नाहीत. १९२५ मध्ये त्यांनी दंतवैद्यांची संघटना बांधली आणि त्याच वर्षी इंडियन डेंटल जर्नल सुरू केलं. १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्रीवर हँडबुक लिहिलं. आता हा विषय म्हणजे नेमकं काय? सोप्या भाषेत, दात तोंडातच ठेवून तो दुरुस्त करायचं शास्त्र. कीड साफ करणं, फिलिंग करणं वगैरे. रूट कॅनालचं काम बराच काळ याच छत्राखाली होतं. अमेरिकेतसुद्धा त्याला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती १९६३ मध्ये.

तर या शास्त्राप्रमाणे त्या खुर्चीत तुमच्यासोबत काय होतं, ते बघूया.

दात बाहेरून दगडासारखा दिसतो, पण आत पोकळी असते आणि तिच्यात पल्प नावाचा मऊ भाग असतो. यात नस आणि रक्तवाहिन्या. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात, आम्लाने दात पोखरला जातो आणि कीड पल्पपर्यंत पोचली की तो सुजतो. पण दात कडक, सुजायला आत जागाच नाही. म्हणून तो जीवघेणा ठणका. गार पाणी लागल्यावर कळ येऊन लगेच गेली तर बहुतेक वेळा फिलिंगवर भागतं. कळ मिनिटभर रेंगाळत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर प्रकरण आत गेलंय. आणि एक फसवा प्रकार म्हणजे आठवडाभर ठणकणारा दात अचानक शांत होतो. लोक खूश होतात. खरं तर तेव्हा बऱ्याचदा नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाशी निवांत पू करत बसलेले असतात.

खुर्चीत बसल्यावर पहिली सुई. ती टोचते, हे खरं आहे. पाच-दहा मिनिटांत तो भाग बधिर होतो आणि त्यानंतर दाब जाणवतो, हलल्यासारखं वाटतं, पण कळ यायला नको. आलीच तर हात वर करायचा, डॉक्टर आणखी औषध देतात. फार सुजलेल्या दाढेला कधी कधी एका इंजेक्शनने भागत नाही. आपण सहन केलं तर डॉक्टर खूश होतात, असं काही नसतं. मग दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. वरून छोटं भोक पाडून आतला पल्प बारीक फाइल्सनी काढतात. पुढच्या दाताला शक्यतो एकच नळी असते, दाढेला तीन किंवा चार. त्या धुवायला जे औषध वापरतात त्याला स्विमिंग पूलसारखा वास येतो, कारण ते ब्लीचच्याच कुळातलं असतं. शेवटी नळ्या गटापर्चाने भरतात. हा मलेशियाकडच्या झाडाचा चीक. एकेकाळी समुद्राखालच्या टेलिग्राफच्या तारांना याचंच आवरण असायचं, आणि १८६७ पासून दाताच्या मुळातही तो भरला जातोय.

हे सगळं कधी एका बैठकीत होतं, पू असेल तर दोन किंवा तीन. मधल्या काळात आत औषध आणि वर तात्पुरतं फिलिंग. या तात्पुरत्या फिलिंगच्या एका जुन्या प्रकारात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं. म्हणजे आजीची लवंग अगदीच चुकीची नव्हती, फक्त ती कळ कमी करते, कीड नाही. मिश्रीबद्दल मात्र असं काही म्हणता येणार नाही. ती तंबाखूच आहे.

गुळगुळीत घरघरणाऱ्या मशीनची भीती बऱ्याच जणांना असते. ती भीती पिढीजात आहे आणि तिला कारणही आहे. अहमद शिकले तेव्हा ड्रिल सावकाश फिरायचं आणि दाताला हादरे बसायचे. आजचं वेगवान एअरोटर १९५७ चं. आज वापरतात ते लिग्नोकेन इंजेक्शन १९४० च्या दशकातलं. पेनिसिलिनही सर्वसामान्यांपर्यंत त्याच सुमारास पोचलं. म्हणजे १९२० मध्ये दाढेचा पू गळ्यात उतरला तर माणूस दगावायचा. आजही चेहरा सुजला, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी सूज उतरते, दात बरा होत नाही. नस मेलेल्या दातात रक्तच पोचत नाही, तर गोळी कुठून पोचणार?

अहमद यांची सगळ्यात लांबली ती लढाई कायद्याची. शिकलेला दंतवैद्य आणि चिमटेवाला यांच्यात लोकांना फरक कसा कळावा? त्यांच्या प्रयत्नांतून १९३९ मध्ये बंगालमध्ये दंतवैद्यांसाठी कायदा झाला. देशाचा डेंटिस्ट्स ॲक्ट २९ मार्च १९४८ ला आला. गंमत बघा, त्या दिवशी ढोकी अजून भारतात नव्हतं. उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तो सुटला सप्टेंबरमध्ये. कायद्याने नोंदणीचे दोन भाग केले. भाग ए मध्ये शिकलेले, भाग बी मध्ये पदवी नसली तरी किमान पाच वर्षं हाच धंदा करून पोट भरणारे. जुन्या लोकांना एका फटक्यात उपाशी मारायचं नाही, पण नवे तयार होऊ द्यायचे नाहीत, अशी ती तडजोड. मला तरी ती शहाणपणाची वाटते. त्यामुळे आज दवाखान्याच्या भिंतीवर राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक शोधणं हा आपला हक्क आहे. नोंदणी असलेला बीडीएस डॉक्टर रूट कॅनाल करू शकतो, अवघड दाढ असेल तर त्यातलाच एमडीएस केलेला डॉक्टर बघायचा.

१९४९ मध्ये अहमद यांनी आपलं कॉलेज पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकलं. विकलं नाही, दिलं. आज ते त्यांच्याच नावाने चालतं. पुढे १९५० ते १९६२ ते राज्यात मंत्री होते आणि त्यांच्याकडे शेती, सहकार, पुनर्वसन अशी खाती आली. फाळणीनंतरच्या बंगालमध्ये पुनर्वसन म्हणजे काय काम असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि १९६५ मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आता भारतात राष्ट्रीय दंतचिकित्सक दिन म्हणून पाळतात.

ढोकीच्या माणसासाठी आज लातूरला डेंटल कॉलेज आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी आहे. तेरणा नदीच्या नावाचंही एक डेंटल कॉलेज आहे, पण ते नवी मुंबईत नेरूळला. कॉलेजात शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, वेळ जास्त लागतो, खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. पैसे विचारताना कॅपचे धरून विचारा. रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ होते आणि कॅप न बसवता तिच्यावर भाजलेले शेंगदाणे फोडले तर ती उभी चिरते, मग ती काढावीच लागते. शुगर, हृदयाच्या झडपेचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे सगळं आधीच सांगा. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखेल, ते चालतं. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर फोन करा. आणि जाताना जेवून जा. बधिरता उतरायला दोन-तीन तास लागतात, तोवर काही खायला गेलं की स्वतःचाच गाल चावला जातो आणि ते कळतं थेट संध्याकाळी.