फिलिप तोमा

फिलिप तोमा (१८४३ - १९१०) हे फ्रेंच लष्करी पशुवैद्यक, भूवैज्ञानिक व जीवाश्मतज्ज्ञ होते. ट्युनिसियाच्या नैर्ऋत्य भागातील गाफ्सा परिसरात फॉस्फेटचे विस्तृत साठे असल्याचे त्यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले.

जीवन

तोमा यांचा जन्म फ्रान्सच्या रोन प्रांतातील द्युएर्न या गावी झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते लष्करात दाखल झाले. अल्जीरियात नेमणूक असताना त्यांनी तेथील गोड्या पाण्यातील निक्षेपांचा व पृष्ठवंशीय जीवाश्मांचा अभ्यास केला. अल्जीरियातील जीवाश्म गोवंशावरील त्यांचा प्रबंध १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्यांच्या अस्थिरचनेचे व्यावसायिक ज्ञान त्यांना या कामी उपयोगी पडले.

फॉस्फेटचा शोध

ट्युनिसियावर फ्रेंच संरक्षित राज्य स्थापन झाल्यानंतर तेथे शास्त्रीय पाहणीची मोहीम काढण्यात आली. तीत तोमा यांच्याकडे भूविज्ञानाचे काम होते. एप्रिल १८८५ मध्ये मेतलावीजवळील जबल थेल्जा या डोंगराच्या घळीत त्यांना चुनखडक व मार्ल यांच्या दरम्यान फॉस्फेटचे थर आढळले. हे थर पॅलिओसीनच्या अखेरीस व इओसीनच्या आरंभी उथळ समुद्रात साचलेले असून पुढे अ‍ॅटलास पर्वताच्या घड्यांबरोबर उचलले गेले. त्यांत शार्कचे दात, माशांची हाडे, कासवांचे अवशेष व जीवाश्म विष्ठा विपुल सापडतात. मगरीसारख्या एका सरीसृपाचे तोमा यांनी १८९३ मध्ये नामकरण केले. ती जाती आज डायरोसॉरस फॉस्फॅटिकस या नावाने ओळखली जाते.

डिसेंबर १८८५ मध्ये त्यांचा शोध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडण्यात आला. तोमा यांनी जमा केलेल्या जीवाश्मांचे वर्णन आल्फोन्स पेरों, व्हिक्टर गोतिये, आर्नू लोकार इत्यादी तज्ज्ञांनी केले.

परिणाम

रेल्वेच्या अभावी हे साठे अनेक वर्षे तसेच पडून राहिले. १८९७ मध्ये खाणी व रेल्वे यांसाठी कंपनी स्थापन झाली आणि १८९९ मध्ये स्फाक्स बंदरापर्यंतचा सुमारे २५० किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला. खतनिर्मितीसाठी फॉस्फेट युरोपात जाऊ लागले. मात्र हा नफा भागधारकांकडे गेला. तोमा लष्करी पशुवैद्यकाचीच नोकरी करीत राहिले. पूर्वी पशुपालनावर जगणाऱ्या या प्रदेशात खाणकामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. रोजगार व पाणी हे तेथील प्रश्न स्वातंत्र्यानंतरही मिटले नाहीत. २००८ मध्ये रेदेयेफ येथे नोकरभरतीवरून मोठे आंदोलन झाले.

अखेरची वर्षे व स्मृती

ट्युनिसियाच्या भूविज्ञानावरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले भाग १९०७ पासून प्रसिद्ध झाले. १९१० मध्ये मूलाँ येथे त्यांचे निधन झाले. ग्रंथाचा उर्वरित भाग १९१३ मध्ये निघाला. फ्रेंच राजवटीत मेतलावीला त्यांचे नाव देण्यात आले होते. स्वातंत्र्यानंतर मूळ नाव पुन्हा रूढ झाले.